एक प्रिंटर आणि न जुळणारे संगणक

राजारामपुरीतल्या आमच्या घरात प्रिंटर एकच, पण त्याला जोडून घ्यायचे गडी चार तऱ्हांचे: वडिलांचा हिशेबाचा विंडोज डेस्कटॉप, बहिणीचा मॅक, मी हौसेनं लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग प्रणाली टाकलेला जुना लॅपटॉप आणि सगळ्यांचे मोबाईल. प्रिंटरची केबल डेस्कटॉपला. त्यामुळे सातबारा काढायचा असो की हॉलतिकीट, आधी तो डेस्कटॉप चालू करायचा, नाहीतर पेन ड्राईव्ह खिशात घालून कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठायचं.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. घरगुती प्रिंटर मुळात एकाच संगणकासाठी बनायचा. २५ पिनांची जाड केबल, तिच्या दोन टोकांना दोघं. वाटून घ्यायचा असेल तर मध्ये डेटा स्विचचा डबा बसवायचा आणि खटका फिरवायचा. उद्यमनगरातल्या एका ऑफिसात मी तो पाहिला आहे. निदान पाळी कोणाची हे तरी त्यात स्पष्ट दिसायचं.

नेटवर्कवरून छपाई करायची वाट मात्र प्रत्येकानं आपापली पाडली. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीत एलपीडी ही छपाईची सोय होती. ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर १९८५ मध्ये आला तो जवळपास सात हजार डॉलरचा. एवढं महाग यंत्र एकट्यासाठी कोण घेणार, म्हणून वाटून घ्यायची सोय त्यात पहिल्यापासूनच होती. फाइली आणि प्रिंटर नेटवर्कवर वाटून घ्यायची, आयबीएममध्ये जन्मलेली एसएमबी पद्धत मायक्रोसॉफ्टनं उचलली आणि १९९२ च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समध्ये दिली. या तिघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेलनं तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून एसएमबीची रीत ओळखली आणि युनिक्सला ती शिकवली. नाव ठेवताना एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द त्यानं शब्दकोशात शोधले. त्यातून 'सांबा' निघालं.

पण निरोप पोचला म्हणून कागद निघत नाही. खरी अडचण ड्रायव्हरची. स्वस्त घरगुती प्रिंटरमध्ये स्वतःची अक्कल फारशी नसते. पान ठिपक्याठिपक्यानं तयार करून द्यायचं काम संगणकाचं, आणि ते कसं करायचं हे ठरवतो ड्रायव्हर. म्हणजे प्रत्येक प्रणालीसाठी ड्रायव्हर वेगळा. ३२ बिटचा निराळा, ६४ बिटचा निराळा. कंपनीनं नव्या प्रणालीसाठी तो काढलाच नाही, तर चांगला चालता प्रिंटर भंगारात जातो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात चीड आणणारा भाग हाच.

सामाईक भाषेचा पाया १९९९ मध्ये पडला: इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी. त्याच सुमारास मायकल स्वीटनं त्यावर उभं केलेलं 'कप्स' हे छपाईचं सॉफ्टवेअर लिनक्समध्ये रुजलं, २००२ मध्ये मॅकमध्येही आलं. तरीही ड्रायव्हर सुटला नाही. तो सुटला मोबाईलमुळे. फोनमध्ये शेकडो ड्रायव्हर कोण भरणार? ॲपलनं २०१० मध्ये आणलेल्या एअरप्रिंटमध्ये प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर हाक देतो आणि आपण कोणता कागद घेतो, रंगीत छापतो का, हे आयपीपीतून सांगतो.

मधल्या काळात 'सोप्या' वाटाही निघाल्या आणि बुजल्या. विंडोज ७ बरोबर आलेला, घरातल्या संगणकांत फाइली-प्रिंटर वाटून देणारा होमग्रुप २०१८ मध्ये विंडोज १० मधून गेला. इंटरनेटवरून छापून देणारं गूगल क्लाउड प्रिंट २०२० च्या अखेरीस बंद झालं. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं सुरक्षेतलं भगदाड सापडलं. ते बुजवताना शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनची परवानगी सक्तीची झाली.

आमचा प्रिंटर यूएसबीचा, एअरप्रिंटच्या गावीही नसलेला. पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर मिळाला. राऊटरशेजारी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवला, त्यात कप्स घातलं आणि केबल त्याला लावली. बाकीच्यांना आता तो एअरप्रिंटचाच प्रिंटर वाटतो. वडिलांचा डेस्कटॉप बंद असला, तरी सातबारा निघतो.