कंपनी-दप्तरे व औद्योगिक वारसा (ठाणे, नवी मुंबई)

कंपनी-दप्तरे व औद्योगिक वारसा : कारखान्याच्या रोजच्या कामकाजातून साठत गेलेले कागद, आराखडे, छायाचित्रे, हजेरीपुस्तके व मालाचे नमुने यांच्या आधारे एखाद्या परिसराचा औद्योगिक इतिहास उभा करण्याची पद्धती. इमारत शाबूत असेल तेथे दप्तर तिला पूरक ठरते. ती पाडली गेली असेल तेथे दप्तर हाच वारसा उरतो. ठाणे शहर व ठाणे-बेलापूर पट्टा येथे दुसरी स्थिती अधिक आढळते, म्हणून प्रस्तुत नोंदीत तिचाच मुख्यतः विचार केला आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘औद्योगिक पुरातत्त्व’ ही संज्ञा मायकेल रिक्स यांनी इंग्लंडमध्ये १९५५ साली रूढ केली, असे बहुतेक संदर्भग्रंथ मानतात. तथापि पोर्तुगीज अभ्यासक सौझा व्हितेर्बू यांनी ती १८९६ मध्येच, धान्य दळण्याच्या चक्क्यांवरील लेखनात वापरली होती. त्यामुळे रिक्स यांच्याकडे संज्ञेच्या जनकत्वापेक्षा तिच्या प्रसाराचे श्रेय जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभी या अभ्यासाचा रोख यंत्रे व इमारती यांवर होता. औद्योगिक वारशाच्या जतनासाठी केलेल्या २००३ च्या निझनी तागील या आंतरराष्ट्रीय सनदेतही भर वास्तूंवरच दिसतो. याच विषयावरील २०११ च्या डब्लिन तत्त्वांनी मात्र कागदपत्रांना औद्योगिक वारशाच्या व्याख्येतच स्थान दिले.

कंपनीने स्वतःचे अभिलेखागार (आर्काइव्ह) उभारण्याची प्रथा जर्मनीतील. एसेन येथील क्रुप कंपनीचे अभिलेखागार (१९०५) हे पहिले मानले जाते. पाठोपाठ १९०६ मध्ये कोलोन येथे अनेक कंपन्यांची दप्तरे एकत्र ठेवणारे प्रादेशिक अभिलेखागार निघाले. भारतात रिझर्व्ह बँकेने १९८१ मध्ये पुण्यात अभिलेखागार सुरू केले. खासगी उद्योगांत टाटा समूहाचे पुण्यातील मध्यवर्ती अभिलेखागार (१९९१) आणि विक्रोळीतील गोदरेज अभिलेखागार (२००६) ही ठळक उदाहरणे. त्यांपूर्वीही कंपन्यांत ‘रेकॉर्ड रूम’ असेच. पण ती बहुधा जिन्याखाली. तिची सूची नसे आणि चावी कोणाकडे आहे हे शिपायालाच ठाऊक असे. दप्तराचे अभिलेखागार होते ते सूची तयार झाल्यावर.

ठाण्यातील कालनिश्चितीचा प्रश्न : दप्तराचा उपयोग कसा होतो, हे रेमंडच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. ठाण्याच्या या लोकरगिरणीचे स्थापनावर्ष सामान्यतः १९२५ दिले जाते. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी, सुमारे १९०० च्या सुमारास, वाडिया कुटुंबाने ठाणे खाडीलगत लहानशी लोकरगिरणी काढली होती आणि पुढे ती ससून समूहाकडे जाऊन ‘रेमंड वूलन मिल’ झाली, असाही वृत्तांत प्रचलित आहे. १९४४ मध्ये गिरणी सिंघानिया कुटुंबाकडे आली, याविषयी दुमत नाही. पहिले दोन वृत्तांत परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. १९२५ हे कंपनीचे वर्ष आणि १९०० च्या आसपासचा काळ गिरणीचा, असा भेद केला की दोन्ही नांदू शकतात. कायद्याने जन्मलेली संस्था आणि विटांनी बांधलेली शेड यांची जन्मतारीख एक असावी, हा आग्रह शताब्दी-स्मरणिकांचा. इतिहासाला त्याची गरज नाही. अशा ठिकाणी वार्षिक अहवालापेक्षा विमा पॉलिसी, बॉयलरची तपासणी-प्रमाणपत्रे आणि यंत्रांच्या खरेदीची बिले जास्त बोलतात. यंत्रावरील पितळी पट्टीवर निर्मात्याचे नाव व अनुक्रमांक असतो. तो निर्मात्याच्या विक्रीवहीशी ताडला, तर यंत्र कोणत्या साली घडले हे बऱ्याच नेमकेपणाने काढता येते.

त्यानंतरची औद्योगिक वाढ सर्वज्ञात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. त्याची पहिली वसाहत ठाण्यातील वागळे इस्टेट. पाठोपाठ खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची वसाहत आकारास आली. मफतलाल समूहाच्या नोसिल या रसायन कंपनीने शेल कंपनीच्या सहकार्याने येथे उभारलेला नॅफ्था-भंजन (खनिज तेलातील नॅफ्थापासून रसायने मिळवण्याचा) प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला.

दप्तराचे घटक : संचालक मंडळाची इतिवृत्ते व ताळेबंद मुख्य कार्यालयात राहतात आणि म्हणून टिकतात. स्थानिक इतिहासाला लागणारा ऐवज वेगळा : टाइम ऑफिसमधील (हजेरी विभागातील) मस्टर व पंच कार्डे, यंत्रांची हिस्टरी कार्डे (दुरुस्ती-देखभालीच्या नोंदी), कॅन्टीन समितीची इतिवृत्ते, युनियनशी झालेले करार, कामगार पतपेढीचे अहवाल, गृहपत्रिका (कंपनीची अंतर्गत नियतकालिके), गणेशोत्सवाची व दसऱ्याच्या यंत्रपूजेची छायाचित्रे. हा सारा ऐवज कारखान्यातच असतो आणि जागा विकली जाते तेव्हा सर्वांत आधी भंगारात निघतो. विदेशी पितृसंस्थांची अभिलेखागारे संपन्न असली (सीमेन्स व बायर यांची १९०७ पासूनची आहेत), तरी शाखांकडून तेथे जातो तो अहवाल. मस्टर जात नाही.

आराखड्यांच्या जतनाबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण चुका येथेच अधिक होतात. जुन्या ड्रॉइंग ऑफिसमधील निळी प्रत, म्हणजे ब्ल्यूप्रिंट, लोहक्षारांपासून बनते. तिचा निळा रंग प्रशियन निळा होय. हा रंग अल्कधर्मी संपर्काने नष्ट होतो. इतर कागदांसाठी आम्लविरोधी म्हणून वापरली जाणारी चुनखडीयुक्त वेष्टने तिला घातक ठरतात. तिला उदासीन (आम्लही नाही, अल्कधर्मीही नाही असा) कागदच हवा. प्रकाशाने ती फिकटते, पण अंधारात ठेवल्यास काही अंशी रंग परत येतो. नंतरच्या काळातील अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर उमटवलेली आराखड्याची प्रत, ही रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळी. ती ब्ल्यूप्रिंटसोबत एका गुंडाळीत ठेवू नये. प्रत्यक्षात दोन्ही एकाच पत्र्याच्या नळकांड्यात सापडतात. अ‍ॅसिटेट फिल्मवरील निगेटिव्हना शिर्क्यासारखा वास येऊ लागला, तर त्या तत्काळ वेगळ्या काढाव्या लागतात, कारण ही झीज शेजारच्या फिल्मलाही लागते. खाडीकाठची दमट हवा पाहता ठाण्यात हा धोका पुण्याहून अधिक समजावा.

वर्गीकरणात उगमतत्त्व पाळले जाते : ज्या विभागाचे कागद त्या विभागाच्या नावाने, मूळ क्रम न मोडता. विषयवार लावणी शोधायला सोपी, म्हणून काहींना ती पसंत असते. परंतु तिने कोणी कोणाला काय कळवले हा धागा तुटतो.

कायदेशीर बाजू : १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश व त्यांच्या उपक्रमांच्या अभिलेखांपुरता आहे, खासगी कंपनीवर तो दप्तर जपण्याचे बंधन घालत नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. व्यवहारात आठ वर्षांची ही किमान मर्यादा रद्दी काढण्याची तारीख ठरते. त्यामुळे शासकीय बाजूच्या प्रतींना महत्त्व येते : कारखाने निरीक्षकांकडे मंजुरीसाठी गेलेले नकाशे, औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड-करार, कामगार न्यायालयातील दावे. कामगारांच्या नोंदींत वडिलांचे नाव, जात, अंगठ्याचा ठसा असा खासगी मजकूर असतो; तो प्रदर्शनात मांडताना झाकणे इष्ट.

स्थळनामे : दप्तर गेले तरी नाव राहते. नितीन कंपनी, कॅसल मिल, गोल्डन डाईज, कॅडबरी, सॅन्डोज बाग, मॉडेला ही ठाण्यातील नाक्यांची, थांब्यांची वा वसाहतींची नावे कारखान्यांवरून पडली. रिक्षावाल्याला ‘नितीन कंपनी’ एवढे सांगितले की पुरते. तेथे काय बनत असे, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. काही अभ्यासक अशा नावांना पुरावा मानत नाहीत. ती कालनिर्णयास निरुपयोगी खरी, पण कोणता कारखाना लोकांच्या रोजच्या बोलण्यात शिरला होता, याची साक्ष ताळेबंदात सापडत नाही.

उपयोग : निवृत्त कामगारांपुढे जुने छायाचित्र ठेवून केलेली मुलाखत कोऱ्या प्रश्नावलीपेक्षा फलदायी होते, माणूस आधी यंत्र ओळखतो, मग पाळी, मग शेजारी उभा असलेला सोबती. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या (स्थापना १८९३) जुन्या संस्थांतील स्मरणिका व नियतकालिके ही माहिती ताडून पाहण्यास उपयोगी पडतात.

नवी मुंबई : दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे येथील लहान कारखान्यांचे कागद बहुधा मालकाच्या घरी किंवा हिशेबनिसाकडे असतात. येथे कंपनी-दप्तराच्या जोडीला भूसंपादनाचे निवाडे व जुने सातबारा उतारे पाहावे लागतात. कंपनीचा भूखंड-नकाशा गावच्या सर्व्हे नंबरांवर ठेवला, की आज जेथे पाइपांची जाळी दिसते तेथे पूर्वी कोणाचे भातखाचर होते आणि कोठे मिठागर होते, हे नावानिशी वाचता येते. आणि पुढे त्याच आगरी-कोळी घरांतील आडनावे कारखान्याच्या मस्टरवर आली का, आली तर कायम कामगार म्हणून की कंत्राटी, हेही पडताळता येते.