नळीतला हुंकार

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतल्या ओकच्या जंगलात एक वेगळा आवाज येऊ लागतो. गळून पडलेल्या पानांतून एक नर हरीण नाक जमिनीला लावून चालत असते आणि दर थोड्या पावलांगणिक त्याच्या गळ्यातून आखूड, खरखरीत हुंकार निघतो. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण, तिथले लोक ज्याला व्हाइटटेल म्हणतात, माजावर आलेल्या मादीचा माग काढत असते. जवळच्या झाडावर मचाण बांधून बसलेला तिरंदाज हातभर लांबीची नळी ओठांना लावतो आणि तसाच हुंकार काढतो. साठ मीटरवरचा नर जागच्या जागी थबकतो. आधी एक कान वळतो, मग दुसरा, मग अख्खी मान.

बंदूक हातात असती तर साठ मीटर हे अंतर काहीच नव्हते. धनुष्याला ते फार आहे. बहुतेक जबाबदार तिरंदाज तीसेक मीटरच्या आतच बाण सोडतात, म्हणून हरणाला आणखी अर्धी वाट चालायला लावावी लागते, तीही त्याच्या मर्जीने. आवाजाची सगळी विद्या या तीस मीटरांसाठी आहे.

ती वर्षभर चालत नाही. दिवस लहान होऊ लागले की नरांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढते, शिंगांवरची मखमली कातडी झडते, मान जाड होते. उत्तरेत माजाचा भर नोव्हेंबरच्या मध्याला असतो. गर्भाचा काळ सुमारे २०० दिवसांचा, त्यामुळे पाडसे मे-जूनमध्ये, कोवळा चारा भरपूर असताना जन्मतात. ज्या नराने ऑगस्टमध्ये त्या हुंकाराकडे ढुंकूनही पाहिले नसते, तोच आता त्यासाठी वाट वाकडी करतो. आवाज तोच असतो, ऐकणारा बदललेला असतो.

व्हाइटटेलला मुके समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८८ मध्ये त्याच्या आवाजांची नीट वर्गवारी केली, तेव्हा १२ प्रकार हाती लागले. पाडसाची हाक, आईची हलकी साद, भेदरल्यावरचा नाकातून सुटणारा फुत्कार, मादीमागे लागलेल्या नराची गुरगुर, आणि दोन नर समोरासमोर आल्यावर हुंकाराला जोडून येणारी लांब, हवा सोडल्यासारखी सूं. ही शेवटची सूं म्हणजे उघड आव्हान असते. एखाद्या दांडग्या नराला ती चिथावते, पण दीड वर्षांचे पोर ती ऐकून शेपटी उभारते आणि दिसेनासे होते. कोणता आवाज काढायचा हे त्यामुळे कोण ऐकतो आहे यावरून ठरते, आणि पानांआडून ते नेहमी कळतेच असे नाही.

हुंकाराच्या त्या नळीत डोकावून पाहण्यासारखे आहे. आत प्लॅस्टिकची पातळ पत्ती असते, पिपाणीत असते तशी. फुंकर मारली की ती थरथरते. पत्तीवर रबराची एक बारीक कडी असते. ती सरकवून पत्तीचा मोकळा भाग वाढवला की सूर खाली उतरतो, कमी केला की सूर चढतो आणि नराचा आवाज मादीचा, पुढे पाडसाचा होतो. पत्तीच्या पुढे चुण्यांची लवचीक नळी जोडलेली असते. ती ताणून लांब केली तर सूर जवळजवळ तोच राहतो, पण आवाज भरदार होतो, जणू मोठ्या देहातून आलेला. असे का व्हावे?

याचे उत्तर युरोपातल्या लाल हरणाने दिले. आवाज स्वरयंत्रात जन्मतो, पण त्याला रंग चढतो तो घशापासून तोंडापर्यंतच्या पोकळीत. ही पोकळी जितकी लांब, तितके तिचे अनुनाद, म्हणजे ती ज्या सुरांना बळ देते ते, खालचे आणि एकमेकांच्या जवळ. मोठ्या देहाला लांब घसा असतो, म्हणून अनुनादांवरून देहाचा अंदाज बांधता येतो. डेव्हिड रेबी आणि टेकमसे फिच यांनी २००१ मध्ये दाखवले की लाल नर डरकाळी फोडताना आपले स्वरयंत्र खाली ओढतो, पार छातीच्या हाडापर्यंत. स्वरयंत्र खाली असणे ही केवळ माणसाची खासियत, असे तोवर मानले जात होते. पुढे रेबी आणि सहकाऱ्यांनी अनुनाद खाली-वर केलेल्या डरकाळ्या नरांना ऐकवल्या. मोठ्या देहाची डरकाळी कानी पडली की नर जास्त सावध होत, जास्त वेळा प्रत्युत्तर देत आणि उत्तर देताना आपलाही घसा आणखी ताणत.

हे वाचले तेव्हा मी थक्क झालो. शिकारी चुण्यांची नळी ताणतो आणि नर आपला घसा ताणतो, दोघेही एकच भौतिकशास्त्र वापरत असतात. फरक इतकाच की नराच्या ताणण्याला त्याच्या हाडामांसाची मर्यादा आहे, म्हणून त्याच्या आवाजावर बऱ्याच अंशी विश्वास ठेवता येतो. प्लॅस्टिकला ती मर्यादा नाही.

एल्कची, म्हणजे लाल हरणाच्या अमेरिकेतल्या थोराड भाऊबंदाची, गोष्ट आणखी निराळी. सप्टेंबरात कोलोरॅडो, मोंटानाच्या डोंगरांत एल्क नराची आरोळी घुमते ती शिटीसारखी, कानात शिरणारी. एवढ्या अवाढव्य जनावराकडून कुणी घोगऱ्या आवाजाची अपेक्षा करील. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तो एकाच वेळी दोन आवाज काढतो, खाली स्वरतंतूंची गुरगुर आणि वर हजारो हर्ट्झची शीळ. याची नक्कल करायला शिकारी लेटेक्सचा ताणलेला पडदा असलेली घोड्याच्या नालेच्या आकाराची चकती टाळूला लावतात आणि जिभेने तिच्यावरचा दाब बदलत जातात. हात मोकळे राहतात, धनुष्य ओढताना याचा मोठा उपयोग. नीट साधायला महिनोन्‌महिने सराव लागतो.

शिंगांचा खडखडाट हा तोंडाने न काढायचा आवाज. झडलेली शिंगे एकमेकांवर आपटून, घासून दोन नरांची झुंज उभी करायची. टेक्सासमध्ये १९९० च्या दशकात मिकी हेलिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७१ वेळा असा खडखडाट केला आणि १११ नर आले. जोरात केलेल्या खडखडाटाला हळू केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त नर आले. पण मला त्यातली एक साधी नोंद महत्त्वाची वाटते. बरेचसे नर पहिल्यांदा दिसले ते वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे आवाज करणाऱ्याचा वास जिकडे वाहत जातो तिकडे. सरळ न येता नर अर्धे वर्तुळ घेतो आणि कानाने ऐकलेले नाकाने तपासतो. ही खोड ओळखणारा तिरंदाज खडखडाट करण्याआधी आपल्या वाऱ्याखालच्या बाजूला नराला अडवील असा ओढा किंवा मोकळे शेत आहे ना, हे बघून ठेवतो. ज्याने हे पाहिले नाही, त्याला नर आला होता हे फक्त दूरच्या फुत्कारावरून कळते.

डोळ्यांची तपासणी वेगळीच. हुंकार आला त्या जागी हरीण दिसायला हवे. ते दिसत नसेल तर नर अडून राहतो. एल्कच्या शिकारीत म्हणून दोघे जण जातात. हाक देणारा मागे चाळीस-पन्नास मीटर झाडीत राहतो, तिरंदाज पुढे दबा धरतो. नराची नजर आणि कान मागच्या माणसावर खिळलेले असतात आणि तो पुढच्याच्या टप्प्यातून जातो. नर थेट आपल्याकडे बघत असताना नळी फुंकायची नाही, हा एकट्याने बसणाऱ्याचा पहिला नियम याच कारणाने.

पाडसाच्या किंकाळीबद्दल थोडे लिहायलाच हवे. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग कॅनडाच्या गवताळ प्रदेशातले. लपवलेल्या स्पीकरवर त्यांनी संकटात सापडलेल्या पिल्लांचे आवाज लावले. त्यात मार्मोट, सील, मांजर, वटवाघूळ, इतकेच काय, माणसाचे बाळही होते. स्वराची उंची पाडसाच्या पट्टीत बसत असेल तर म्यूल (खेचरासारख्या मोठ्या कानांचे हरीण) आणि व्हाइटटेल माद्या त्या आवाजाकडे धावत आल्या. लिंगलच्या आधीच्या अभ्यासात म्यूल माद्या दुसऱ्याच्या पाडसासाठीही लांडग्याच्या जातीतल्या कोयोटीवर चाल करून जाताना दिसल्या होत्या. या किंकाळीची नळी बाजारात मिळते आणि ती परिणामकारक आहे यात शंका नाही. मला मात्र तिचा वापर पटत नाही. हुंकाराला नर येतो तो तपासत, वारा घेत, माघारीची वाट राखून. किंकाळीला आई येते तेव्हा तपासायला थांबत नाही.

आता शेवटचे वीस-पंचवीस मीटर. नर आला, आडवा उभा राहिला, बाण सुटला. आधुनिक चक्रीच्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर वेगाने जातो, दोरीचा आवाज सुमारे ३४० मीटरने. पंचवीस मीटरवर आवाज ०.०७ सेकंदात पोहोचतो, बाणाला ०.२९ सेकंद लागतात. मधले ०.२२ सेकंद हरणाचे. पळण्यासाठी ते आधी पाय दुमडते, म्हणजे धड खाली येते. दचकायला लागलेला वेळ वजा करून ०.१५ सेकंद उरले, तरी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने शरीर ११ सेंटिमीटर खाली जाते. फुप्फुसांवर रोखलेला बाण पाठीत घुसतो किंवा वरून निघून जातो. घायाळ होऊन पळालेले जनावर हे तिरंदाजाच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहते, आणि सलायलाच हवे.

हाकेने आलेल्या हरणाचा पेच इथे आहे. आपसूक चरत आलेले हरीण सैल असते. हाकेने आलेले ताठ असते, त्याचे स्नायू आधीच ओढलेले, कान त्याच दिशेला. ते दोरीच्या आवाजाला जास्त लवकर आणि जास्त खाली वाकते. म्हणून जाणते तिरंदाज नर वळून त्यांच्या दिशेने येऊ लागला की नळी खिशात ठेवतात आणि पुन्हा काढत नाहीत. दोरीला तिचा आवाज दाबणारे रबराचे तुकडे बांधतात, जड बाण वापरतात, कारण जड बाण धनुष्याची जास्त ऊर्जा सोबत नेतो आणि आवाजासाठी कमी उरते. मग थांबतात. कान पुन्हा सुटे हलू लागले, शेपटी एकदा सहज झटकली, मान खाली गेली, तर दोरी ओढतात. कान अजून मचाणावर रोखलेले असतील तर बाण भात्यात परत जातो.