बजेट वेगळं अन् खर्चाचा नियम वेगळा

साधं राहायचं, खर्च आवरायचा असं कोणी ठरवलं की पहिलं वाक्य येते "बजेट बनवलं आहे" अन् लगेच दुसरं येते "बाहेरचं खाणं कमी करणार आहे". लोक दोन्हीला एकच समजतात. खरं तर पहिलं बजेट आहे अन् दुसरं ना बजेट आहे ना नियम, नुसती इच्छा आहे, जी शनिवारी संध्याकाळी सावजीच्या झणझणीत रश्श्याचा वास आला की संपते.

बजेट म्हणजे रक्कम. किराणा 6000, पेट्रोल 2000, दूध इतकं, शाळेची व्हॅन इतकी. बजेटचा प्रश्न एकच, किती. नियम म्हणजे दुकानात जायच्या आधीच देऊन ठेवलेलं उत्तर, त्यात आकडा असेलच असं काही नाही. उदाहरणार्थ किस्तीवर म्हणजे हप्त्यानं वस्तू घ्यायची नाही, रात्री जेवण झाल्यावर फोनवरून काही मागवायचं नाही, घरात आहे ते संपल्याशिवाय तसंच दुसरं आणायचं नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो, तुमच्या बाजूला उभा असलेला माणूस काउंटरवरच "हा नियम मोडला" असं म्हणू शकत असेल तर तो नियम, अन् त्याला त्यासाठी पूर्ण महिन्याचा हिशेब मागावा लागत असेल तर ते बजेट. "कमी करणार" मध्ये बाजूचा माणूस काहीच म्हणू शकत नाही, म्हणून ते कशातच बसत नाही.

आता तान्हा पोळ्याचं घ्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा पोळा. पोरासाठी लाकडी बैल घ्यायचा असते, अन् बाजारात शे-दोनशेच्या इवल्याशा बैलापासून हजारोंच्या चाकवाल्या नक्षीदार बैलापर्यंत सगळं मांडलेलं असते. तुम्ही बजेट करून गेले, "500च्या आत". दुकानदार 650चा दाखवते, पोरगं त्याच्याच शिंगाला धरून बसते, शेजारच्या पोराचा यंदा मोठा आहे हे तेवढ्यात आठवते, अन् 650 म्हणजे 500च्या जवळच आहे ना बावा असं आपणच आपल्याला सांगून मोकळे होतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवीन, कारण बजेटमध्ये "बैल" नावाची ओळच आहे! नियमवाल्या घरी बैल एकदाच येते, चांगल्या लाकडाचा, थोडा महागच, अन् दरवर्षी पोळ्याच्या आधी त्याला रंग, झूल, नवे घुंगरू. तिथं रंगाच्या डब्या अन् घुंगरूचा खर्च होते, पण "यंदा कोणता बैल" हा प्रश्नच घरात येत नाही. मला विचाराल तर पोरालाही रंगवायलाच जास्त मजा येते, पण ते जाऊ द्या.

म्हणजे बजेटमध्ये दरवेळी घासाघीस आहे, दुकानदाराशी नाही तर स्वतःशी. नियमात ती घासाघीस एकदाच, घरी बसून, पोट भरलेलं असताना होते.

बजेट सगळ्यात जास्त फसते ते ईएमआयपाशी, म्हणजे महिन्याच्या किस्तीपाशी, अन् इथं मी थोडं लांबवणारच आहे. 30,000चा फोन आहे, बजेटला 30,000 झेपत नाही म्हणून ते नाही म्हणते, ठीक. मग नागपूरच्या बर्डी बाजारातला सेल्समन म्हणते भाऊ महिन्याला फक्त 2500, बारा महिने, नो कॉस्ट, म्हणजे व्याज नाही. आता बजेट बिचारं महिन्याच्याच चष्म्यातून पाहते, त्याला 2500 दिसतात, अन् 2500 बसतात. फोन तोच, किंमत तीच, पण उत्तर बदललं. शिवाय त्या नो कॉस्टचं काय खरं आहे? रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज कुठूनतरी निघतेच, कधी रोखीवर मिळणारी सूट जाते, कधी प्रोसेसिंग फी लागते अन् त्या फीवर 18 टक्के जीएसटी. असे दोन-तीन 2500 बसवले की बजेट कागदावर एकदम बरोबर अन् हातात काही नाही. "किस्तीवर नाही" हा नियम महिना पाहतच नाही, म्हणून त्याला तुकडे करून फसवता येत नाही. घर किंवा पोराचं शिक्षण अशा गोष्टींना तो लावू नका, तिथं कर्जाचा हिशेब वेगळा असते, पण फोन, टीव्ही, सोफा याला बिनधास्त लावा.

आता उलटी बाजू. काही खर्च असे आहेत की तिथं नियम लावणं म्हणजे स्वतःचा छळ. मे महिन्यात नागपुरात पारा 45च्या वर जाते, तेव्हा "दुपारी कूलर बंद" असा नियम कोणी केला तर तो दोन दिवसांत मोडते अन् सोबत बाकीच्या नियमांवरचा विश्वासही घेऊन जाते. उन्हाळ्याचं लाईट बिल हे बजेटचंच काम आहे. वर्षभराची बिलं काढा, बेरीज करा, बाराने भागा अन् तेवढे दर महिन्याला बाजूला ठेवा, मग मे-जूनचं बिल आलं तरी धक्का बसत नाही. एक लक्षात असू द्या, महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढते, 100 युनिटपर्यंत एक, 300पर्यंत दुसरा, 500पर्यंत तिसरा, म्हणून शेवटचे युनिट सगळ्यात महाग पडतात. साधा कूलर 200 वॉटच्या आसपास घेते अन् दीड टनाचा एसी जोरात चालताना दीड हजाराच्या आसपास, त्यामुळे एसी लावणाऱ्यानं बजेट करताना मागच्या वर्षीचं कूलरचं बिल धरू नये. नियम इथं बसते तो वस्तूवर, वापरावर नाही. म्हणजे दुरुस्त होत असेल तोवर नवीन नाही. मार्चमध्ये कूलर खाली काढला, पंप गेला आहे, खस सडली आहे, तर पंप अन् खस बदला, कूलर नाही.

गांधीजी लंडनला बॅरिस्टरी शिकत होते तेव्हाची गोष्ट दोन्ही गोष्टी सोबत कशा चालतात ते चांगलं दाखवते. ते पै-पैचा हिशेब लिहीत, बसभाडं, टपाल, वर्तमानपत्र सगळं, अन् झोपायच्या आधी जुळवून पाहत. पण लिहून भाडं वाचलं नाही, लिहून फक्त दिसलं. वाचलं केव्हा, तर त्यांनी खोलीच अशा ठिकाणी घेतली की कामाच्या जागी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल. तो एकदाच केलेला नियम झाला. पुढं आश्रमातली व्रतं, असंग्रह म्हणजे साठवायचं नाही काय अन् अस्वाद म्हणजे जिभेचे लाड नाही काय, याच जातीची, त्यात आकडा नाही. गांधीजींचा वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आपल्या नागपूरच्या जवळच आहे, एकदा जाऊन त्यांची कुटी पाहून या.

म्हणून आधी दोन-तीन महिने नुसतं लिहा, मग जिथं पैसा गळून राहिला तिथंच नियम करा, अन् थोडेच करा. वीस नियम केले तर ते आठवायलाच डायरी लागेल. नियमात सूट पण आधीच लिहून ठेवा, जसं की बाहेरचं जेवण फक्त शनिवारी, पाहुणे आले तर सोडून. सूट आधी लिहिलेली असली की नियम मोडल्यासारखं वाटत नाही. बजेटचं मात्र उलटं, एकदा आकडा ओलांडला की माणूस म्हणते आता गेलंच तर जाऊ द्या, अन् वीस तारखेनंतर जे होते ते विचारू नका.

अजून एक, हे घराघरात भांडणाचं कारण आहे. बजेट घराचं असते, सगळ्यांनी बसून ठरवायचं. नियम ज्याचा त्याचा. तुम्ही वर्षभर नवा शर्ट घेणार नाही हे छान आहे, पण तोच नियम बायकोच्या साडीला अन् आईच्या तीर्थयात्रेला लावायला गेले तर ती काटकसर राहत नाही, ती दादागिरी होते.

अन् आहेराचं काय, असं लोक हमखास विचारतात, तर तिथं दोन्ही लागतात. एप्रिल-मेमध्ये लग्नांची रांग लागते अन् प्रत्येक वेळी "किती टाकायचे" यावर घरात चर्चासत्र होते. नात्याप्रमाणे रक्कम एकदाच ठरवून टाका, सख्ख्याला इतके, ऑफिसवाल्याला 501, गल्लीतल्याला इतके, हा नियम झाला. मग पत्रिका मोजा, बेरीज करा, ते बजेट झालं, अन् बेरीज फार होत असेल तर रक्कम सगळ्यांचीच सारखी उतरवा, एकट्या चुलतभावाची नाही, नाहीतर काकू वर्षभर बोलून दाखवेल.