वेगाचं ई-चलान आलंय? भरण्याआधी काय बघायचं आणि हरकत कुठे घ्यायची

वेगमर्यादा ओलांडल्याचा मेसेज आला की आपल्या बेळगाव भागात बरेच जण मोबाइलवरूनच पैसे भरून मोकळे होतात. गाडी आपली, वेगही आपलाच, तर भरणंच बरं. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये पहिल्या गुन्ह्याला फक्त दंड आहे. दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला की लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवायची तरतूद आहे. तिथे तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं आणि उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन परत मिळत नाही. त्यामुळे जे चलान आपलं नाहीच, ते "हजार रुपयांचा तर प्रश्न आहे" म्हणून भरून टाकू नये, असं माझं मत आहे.

कायद्यात हलक्या वाहनाला 1000 ते 2000 आणि मध्यम व जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. नेमकी तडजोड रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा दंड, राज्य ठरवतं. म्हणून महाराष्ट्रात कागलच्या बाजूला कारला 2000 रुपये पडतात आणि तीच कार कर्नाटकात कोगनोळीच्या पुढे पकडली गेली तर 1000. रस्ता तोच, राष्ट्रीय महामार्ग 48.

वेगमर्यादेबद्दलही घोळ असतो. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला ताशी 100 किलोमीटर, दुचाकीला आणि मालवाहू गाडीला 80. नगरपालिका हद्दीत कारला 70, दुचाकीला 60. पण ही वरची मर्यादा झाली. राज्य सरकार ती कमी करू शकतं, आणि मग फलकावरचा आकडाच धरला जातो. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा बेळगावला येताना लागणारा वंटमुरी घाट इथे "चौपदरी आहे, शंभर चालतं" हा युक्तिवाद उपयोगाचा नाही.

आधी चलान खरं आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवर आरटीओच्या नावाने एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, ती बँक खातं रिकामं करायला पाठवलेली असते. परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की खरं चलान दिसतं. त्यातला फोटो मोठा करून पाहा: नंबरप्लेट, गाडीचं मॉडेल, रंग, ठिकाण, वेळ, नोंदलेला वेग. केए-22 आणि केए-23 यांत एका आकड्याचाच फरक, आणि धुळीने भरलेल्या प्लेटवर 3 चा 8 व्हायला वेळ लागत नाही.

हरकत नोंदणीकृत मालकाने घ्यायची असते. गाडी दुसरा कुणी चालवत होता, तर विचारणा झाल्यावर त्याचं नाव आणि लायसनची माहिती देणं कलम 133 प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. चालवणारा अल्पवयीन मुलगा असेल तर प्रकरण वेगळंच होतं: कलम 199अ खाली पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

टिकणारी कारणं थोडी आहेत. फोटोतली गाडी दुसरी, नंबर बनावट, गाडी चोरीला गेलेली, किंवा विकून झालेली. शिवाय कलम 183 मध्येच लिहिलंय की एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर दोषी धरता येत नाही, यंत्राने मोजलेला वेग लागतो. म्हणजे हाताने लिहिलेल्या चलानवर मोजलेला वेगच नसेल, तर तो मुद्दा जरूर मांडा. फलक दिसला नाही, सगळेच जोरात होते, सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला निघालो होतो, यातलं काही ऐकलं जात नाही.

अर्ज चलान देणाऱ्या ट्रॅफिक पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. सोबत चलानची प्रिंट, आरसी, लायसन, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती. आपल्या गाडीचे समोरून-मागून फोटो. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा, जसं फास्टॅगचं स्टेटमेंट किंवा गॅरेजचं बिल. चोरीची असेल तर एफआयआर, विकली असेल तर मालकी बदलाचे फॉर्म 29, 30 आणि विक्रीचा कागद. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे असा तक्रार अर्ज मराठीतही देता येतो. हक्क आहेच, पण काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा.

प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात) गेलं असेल, तर तिथे मोबाइलवर ओटीपी येतो आणि दोन पर्याय दिसतात: दंड मान्य, किंवा केस लढवणार. दुसरा निवडला की प्रकरण हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयात जातं. मग खानापूरच्या चलानसाठी तारखेला खानापुरातच उभं राहावं लागतं. निकाल विरुद्ध गेला तर तडजोडीची रक्कम राहत नाही, न्यायाधीश कलमातल्या कमाल दंडापर्यंत जाऊ शकतात. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत असते, मात्र न्यायालय विलंब माफ करू शकतं, त्यामुळे त्याच भरवशावर बसू नका. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

कर्नाटकाने 2023 आणि 2025 मध्ये थकीत दंडावर 50 टक्के सवलत दिली होती, म्हणून पुन्हा मिळेल या आशेने थांबणारे आपल्याकडे कमी नाहीत. सवलतीची खात्री नसते, आणि थकीत चलान असलेली गाडी कोल्हापूरकडे विकायची म्हटलं की फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारं आरटीओचं ना-हरकत पत्र, अडते.

चलान महाराष्ट्र पोलिसांचं असेल तर बेळगावच्या ठाण्यात जाऊन उपयोग नाही. महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रारीचा पर्याय आहे, फोटो आणि आरसी तिथेच जोडता येतात.