पिवळी चिठ्ठी संगणकाच्या पडद्यावर कशी आली?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि मुंबईतल्या लहानमोठ्या ऑफिसांत संगणक बदलण्याची, निदान फॉरमॅट मारण्याची कामं निघाली. हार्डवेअरवाला मुलगा येतो, डेस्कटॉपवरचे फोल्डर आणि 'डॉक्युमेंट्स' पेनड्राइव्हवर घेतो, टॅलीचा डेटा दोनदा तपासतो आणि नवी विंडोज टाकतो. तो बॅग आवरायला लागला की मागच्या टेबलावरून आवाज येतो, "अरे, माझ्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

त्याच्या यादीत चिठ्ठ्या नसतातच. त्या कुठल्याही नावाच्या फाइलमध्ये नसतात, कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे खुद्द मालकाला ठाऊक नसतं, आणि तरी ऑफिसचं अर्धं काम त्यांच्या भरवशावर चाललेलं असतं. दादरच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात अशी चिठ्ठी हमखास दिसेल: ७ टीडीएस, ११ जीएसटीआर-१, १५ पीएफ, २० थ्रीबी. दर महिन्याला कर, विवरणपत्रं आणि पीएफ भरायच्या या तारखा त्या माणसाला झोपेत विचारल्या तरी सांगता येतील. तरीही चिठ्ठी हवीच.

माहीत असलेली गोष्ट का लिहून ठेवायची? या प्रश्नाचा एक चांगला अभ्यास १९८३ साली थॉमस मॅलोन या संशोधकाने प्रसिद्ध केला. माणसं आपलं टेबल कसं लावतात हे त्याने दहा जणांच्या ऑफिसात जाऊन पाहिलं. कोणी सगळं नीट फायलींत लावत होतं, कोणी नुसते ढीग घालत होतं. त्याच्या लक्षात आलं की टेबलावर कागद पसरलेले असतात ते केवळ पुढे सापडावेत म्हणून नव्हे. काम बाकी आहे याची आठवण त्यांनी करून द्यावी म्हणूनही. शिवाय कागदाला नाव देऊन योग्य कप्प्यात टाकणं हेच अनेकांना जड जातं. कुठल्या कप्प्यात टाकू हे ठरत नाही, म्हणून कागद टेबलावरच राहतो. संगणकावरच्या चिठ्ठीचा पुढचा सगळा इतिहास या दोन निरीक्षणांना धरून चालतो: चिठ्ठी नजरेला पडली पाहिजे, आणि तिला नाव द्यावं लागता कामा नये. ज्यांनी हे ओळखलं त्यांचे प्रोग्रॅम टिकले.

मुंबईकराला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ऑफिसच्या टेबलावर जाड काच असायची आणि काचेखाली देवाचा फोटो, एक्स्टेन्शन नंबरांची यादी, लोकलचं टाइमटेबल आणि 'बुधवारी पार्टीला फोन' असं खरडलेला कागद शेजारी शेजारी नांदायचे. सरकारी फायलीत हव्या त्या पानाला टाचणीने फ्लॅगची पट्टी लावलेली असते. दुकानदाराकडे तारेचा आकडा, त्यात खोचलेल्या चिठ्ठ्या. घरात कालनिर्णयच्या चौकटीत गॅस सिलिंडर लावल्याची तारीख. काचेखालच्या कागदाची अडचण एवढीच की नवा कागद आत सरकवायचा म्हणजे काच उचलायची, आणि मग वरचा चहा आधी उचलायचा.

चिकटणारा आणि सहज निघणारा कागद अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत जन्माला आला. स्पेन्सर सिल्व्हर याने १९६८ मध्ये एक असा गोंद बनवला जो धड चिकटत नव्हता. त्यात अतिसूक्ष्म गोळ्या होत्या. त्या पृष्ठभागाला जेमतेम टेकत, त्यामुळे कागद निघे आणि पुन्हा लागे. काही वर्षं या गोंदाचं करायचं काय हे कुणालाच सुचलं नाही. १९७४ मध्ये त्याचा सहकारी आर्ट फ्राय याला तो आठवला. चर्चच्या गायनवृंदात गाताना भजनाच्या पुस्तकात घातलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडत, हे त्याचं दुखणं होतं. पिवळा रंग आला तो शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळे रद्दी कागद पडून होते म्हणून. १९७७ मध्ये चार शहरांत विक्री करून पाहिली, फारशी झाली नाही. पुढच्या वर्षी बॉइझी शहरात नमुने फुकट वाटले आणि ज्यांनी वापरले त्यांनी पुन्हा मागितले. १९८० मध्ये 'पोस्ट-इट' या नावाने चिठ्ठी अमेरिकाभर विकायला आली. वापरून पाहिल्याशिवाय तिचा उपयोग कळत नाही, हे तिच्या बाबतीत पहिल्यापासून खरं आहे.

त्याच सुमारास संगणकाचा पडदाही टेबलासारखा दिसू लागला होता. ही कल्पना झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातली; १९८१ मध्ये झेरॉक्स स्टार या यंत्रातून ती बाजारात आली. ॲपलच्या १९८४च्या मॅकिन्टॉशमध्ये, म्हणजे मॅकमध्ये, एक छोटं 'नोट पॅड' होतं, आठ पानांचं. पानं उलटायची, लिहायचं, संपलं. पण ती वही होती. वही मिटली की आतलं दिसत नाही.

डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या साध्या पीसींवर, तर पंचाईत वेगळीच. तिथे एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. वर्डस्टारमध्ये पत्र लिहिताना कुणाचा फोन आला आणि नंबर लिहून घ्यायचा झाला, तर फाइल सेव्ह करा, बाहेर पडा, दुसरं काही उघडा. तोवर समोरच्याने फोन ठेवलेला. बोरलँड कंपनीने १९८४ मध्ये 'साइडकिक' काढलं ते याच दुखण्यावर. हा प्रोग्रॅम मेमरीत दबा धरून बसे आणि दोन कळा दाबल्या की चालू कामाच्या डोक्यावर एक खिडकी उघडी: टिपणवही, कॅल्क्युलेटर, कॅलेंडर. काम न सोडता टिपण घेता येतं, हे साध्या पीसीवाल्यांना साइडकिकने दाखवलं. विंडोजच्या १९८५च्या पहिल्या आवृत्तीत नोटपॅड आणि कार्डफाइल दोन्ही आले. पण दोघांनाही फाइलचं नाव हवं असे.

खरी चिठ्ठी मॅकवर आली. ॲपलमध्ये नोकरी करणाऱ्या जेन्स अल्फकेने फावल्या वेळात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पुढे ॲपलने घेतला आणि १९९४ मध्ये सिस्टिम ७.५ बरोबर 'स्टिकीज' या नावाने सगळ्यांना मिळाला. रंगीत चौकोन, त्यात थेट लिहायचं. नाव विचारत नाही, कुठे ठेवू विचारत नाही. सगळ्या चिठ्ठ्या मिळून पडद्याआड एकच फाइल. मथळ्याच्या पट्टीवर दोनदा क्लिक केलं की चिठ्ठी मिटून एका ओळीची होई, म्हणजे जागाही अडत नाही आणि पहिली ओळ दिसत राहते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत हुशार युक्ती हीच. ॲपलने नंतर २००५ मध्ये डॅशबोर्डवर चिठ्ठ्यांचं विजेट दिलं, २०१२ मध्ये आयक्लाउडवाला नोट्स ॲप मॅकवर आणला, २०१९ मध्ये डॅशबोर्ड काढूनही टाकला. साधं स्टिकीज मात्र मॅकवर अजून आहे.

मुंबईत त्या काळी मॅक असायचे ते जाहिरात संस्थांत आणि डीटीपीच्या एसी खोल्यांत. बाकी शहर लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातून जुळवून आणलेल्या पीसींवर चालायचं, आणि विंडोज ९५मध्ये चिठ्ठी नव्हती. ही पोकळी फुकट आणि शेअरवेअर (आधी वापरा, मग पैसे द्या अशा) प्रोग्रॅमांनी भरून काढली. संगणक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींवर ते सापडत. थ्रीएमनेही आपली चिठ्ठी सॉफ्टवेअरच्या रूपात विकून पाहिली. आउटलुक ९७मध्ये पिवळ्या नोट्स होत्या, पण त्या आउटलुकच्या पोटात. मेल बघायचा प्रोग्रॅम उघडला तरच चिठ्ठ्या आठवायच्या, हे काही जमलं नाही.

या गर्दीतला टिकलेला प्रोग्रॅम म्हणजे टॉम रेव्हेलचा 'स्टिकीज'. ॲपलच्या प्रोग्रॅमशी नावापलीकडे त्याचा संबंध नाही. झॉर्न सॉफ्टवेअर या नावाने तो फुकट मिळतो. त्यात चिठ्ठी ठरावीक तारखेपर्यंत झोपवता येते, त्या दिवशी ती आपसूक वर येते. नेटवर्कवरून ती शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर पाठवता येते. सर्वांत कामाची सोय म्हणजे चिठ्ठी एखाद्या विशिष्ट खिडकीला चिकटवता येते: ती खिडकी उघडली की चिठ्ठी दिसणार, मिटली की नाहीशी होणार. अमुक पार्टीचं खातं उघडलं की 'यांचा चेक मागच्या वेळी परत आला होता' हे समोर यावं, यापेक्षा हिशेबनिसाला आणखी काय हवं?

मराठीत लिहायचं तर मात्र २०००च्या आधी कुठलीच चिठ्ठी धड कामाची नव्हती. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी फॉन्ट वापरले जात, आणि त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. वर्डमध्ये फॉन्ट निवडून चालून जाई. चिठ्ठीच्या प्रोग्रॅममध्ये सहसा पूर्ण चिठ्ठीला एकच फॉन्ट, म्हणजे 'जोशीकाका' मराठीत दिसले तर त्यांच्या मेल पत्त्याचा चुरा. फॉन्ट बदलला की पत्ता सुधारे आणि जोशीकाका जात. त्यामुळे गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत कित्येकांनी मराठी चिठ्ठ्या रोमन लिपीतच लिहिल्या, आणि ती सवय काहींची अजून सुटलेली नाही. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची वेगळी जागा देणारी पद्धत, आणि मंगल फॉन्ट आला. विंडोज एक्सपीमध्ये तो आधार एका खुणेच्या चौकटीमागे लपलेला. तिथे खूण केली की यंत्र विंडोजची सीडी मागायचं, आणि सीडी कधीच जागेवर नसायची. त्याच सुमाराला, २००१ पासून, एमएस-सीआयटी शिकून हजारो लोक ऑफिसात येऊ लागले. त्यांना पडद्यावर देवनागरी बघायची सवय लागली ती याच वर्षांत.

मायक्रोसॉफ्टने 'स्टिकी नोट्स' पहिल्यांदा दिली २००२च्या टॅब्लेट पीसी आवृत्तीत, पेनने लिहायला. ती यंत्रं इथे फारशी कुणी पाहिली नाहीत. २००९ मध्ये विंडोज ७बरोबर चिठ्ठी सामान्य माणसाच्या हाती आली. कंट्रोल-एन दाबलं की नवी, कंट्रोल-डी दाबलं की गेली. ठळक अक्षरांसाठी बटण नव्हतं, पण कंट्रोल-बी चालायचं. ही गोष्ट ऑफिसात एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी पसरली. इंग्रजी अक्षरं हस्ताक्षराच्या वळणाची, मराठी मात्र छापील, त्यामुळे मिश्र चिठ्ठी दोघांनी मिळून लिहिल्यासारखी दिसे. मराठी मात्र बिनतक्रार येत होतं, हे विसरता येणार नाही.

मग चिठ्ठी 'सुधारली'. ऑगस्ट २०१६च्या विंडोज १० अद्ययावतीकरणात जुना प्रोग्रॅम काढून नवा ॲप बसवला. जुन्या चिठ्ठ्या 'स्टिकीनोट्स डॉट एसएनटी' या एका फाइलीत असत. नव्या 'प्लम डॉट एसक्यूलाइट' नावाच्या डेटाबेसमध्ये जातात, तोही ॲपडेटाच्या लपवलेल्या फोल्डरात. विंडोज ७ची फाइल नव्या ॲपच्या फोल्डरात 'लेगसी' नावाचा फोल्डर करून, 'थ्रेशोल्डनोट्स डॉट एसएनटी' असं नाव बदलून ठेवली तर चिठ्ठ्या परत येतात. ही युक्ती चालते, पण ती माहीत असलेला हार्डवेअरवाला विरळा. २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याशी जुळणी आली. खात्यात लॉगिन केलेलं असेल तर संगणक बदलला तरी चिठ्ठ्या येतात. केलेलं नसेल तर त्या त्या यंत्राबरोबर जातात. पूर्वी कोपऱ्यातली फुली दाबली की चिठ्ठी कायमची जायची, आता ती फक्त मिटते आणि यादीत राहते. यादी! ज्या चिठ्ठीने समोर असायला हवं तिला पुन्हा कपाटात ठेवायची ही सोय. गूगल कीप २०१३ मध्ये आलं तेही असंच. फोनवर उत्तम, पण उघडावं लागतं, आणि उघडायची आठवण कोण देणार?

समोर असण्याची किंमतही आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा गेला. त्यानंतर लोकांनी तिथल्या आपत्कालीन यंत्रणेच्या कार्यालयाचा आदल्या वर्षीचं एक वृत्तछायाचित्र बारकाईने पाहिलं, तर मॉनिटरला चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवर पासवर्ड वाचता येत होता. पडद्यावरची चिठ्ठी याहून सुरक्षित नाही. विंडोजच्या त्या डेटाबेसला कुलूप नसतं, फाइल हाती लागली की मजकूर वाचता येतो. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ मानकात टेबलाबरोबर पडदाही मोकळा ठेवण्याचा नियम आहे, आणि बीकेसी किंवा फोर्टमधल्या बँकेत काम करणाऱ्यांना तो पाठ असतो. मार्च २०२०नंतर घरून काम सुरू झालं तेव्हा स्क्रीन शेअर करताना एका पार्टीचा पॅन नंबर दुसऱ्या पार्टीला दिसण्याचे प्रसंग बिगरबँकवाल्यांच्याही वाट्याला आले.

२०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने वननोट या आपल्या टिपणवहीच्या ॲपला जोडलेली नवी स्टिकी नोट्स आणली. पडद्याचं चित्र टिपून चिठ्ठीत ठेवता येतं, ते कुठून घेतलं हेही ती लक्षात ठेवते, आणि तुम्ही त्याच कागदपत्राशी किंवा त्याच संकेतस्थळावर परत गेलात की तिथली जुनी चिठ्ठी समोर आणते. टॉम रेव्हेलच्या फुकट प्रोग्रॅममध्ये खिडकीला चिठ्ठी चिकटवायची सोय त्याच्या कितीतरी आधीपासून होती.