संसदीय चर्चेतील सदस्याचा सहभाग

लोकसभा वा राज्यसभेच्या सदस्याने प्रश्न, सूचना, दुरुस्त्या, भाषणे आणि अशासकीय विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांद्वारे सभागृहाच्या कामकाजात घातलेली भर. गाजतात ती भाषणे. मंत्र्याला खरे बांधून घेतो तो मात्र बहुधा तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात. तोंडी उत्तरापर्यंत त्यांतले पहिले चारपाचच पोहोचतात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘पीकविम्याबाबत सरकार काय करत आहे?’ असे विचारले की योजनांची जंत्री हाती येते. ‘गेल्या तीन वर्षांत जिल्हावार किती दावे आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने?’ असे विचारले की आकडे द्यावेच लागतात. तोंडी उत्तराच्या वेळी विचारायचा उपप्रश्न मंत्र्याच्या छापील उत्तरातूनच काढायचा असतो. घरून लिहून आणलेला उपप्रश्न वाया जातो, आणि लांबलचक प्रस्तावना केली तर अध्यक्ष मध्येच थांबवतात.

१९५७ साली आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटी रुपयांचे प्रकरण प्रश्नोत्तरांतूनच वर आले. १६ डिसेंबरला फिरोझ गांधी यांनी, सत्ताधारी बाकांवर असूनही, ते चर्चेत पुराव्यांनिशी मांडले. पुढे न्या. छागला यांची चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

भाषणाचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर ठरतो आणि वक्त्यांची नावे पक्षाचे प्रतोद (सदस्यांची शिस्त राखणारे पदाधिकारी) देतात. लहान पक्षाच्या सदस्याला कित्येकदा दोनतीन मिनिटेच मिळतात, म्हणून मुख्य मुद्दा पहिल्या वाक्यातच यायला हवा. मतदारसंघाची निकड लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम ३७७ खाली मांडता येते. तिथे मंजूर मजकुराबाहेरचा शब्द नोंदला जात नाही. कोणावर आरोप करायचा तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना व संबंधित मंत्र्याला आधी सूचना द्यावी लागते. सभागृहातील भाषणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ चे न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण असले तरी असंसदीय शब्द नियम ३८० खाली कामकाजातून काढले जातात, आणि त्यासोबत चांगला युक्तिवादही तुटतो.

अशासकीय विधेयक क्वचितच संमत होते. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही. तरीही ते फुकट जात नाही. संसदेला मूलभूत हक्कांत दुरुस्ती करता यावी म्हणून बॅ. नाथ पै यांनी १९६७ मध्ये मांडलेले विधेयक संमत झाले नाही, पण त्याचा आशय १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीत उतरला.

सदस्याचे काम मोजताना हजेरी आणि प्रश्नांची संख्या पुढे केली जाते. हे माप तोकडे आहे. मंत्र्याच्या तोंडून ‘तपासून पाहू’, ‘विचार करू’ असे निघाले की त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. ते सामान्यतः तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि १९५३ पासून लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. एका नेमक्या उपप्रश्नातून मिळालेले असे आश्वासन उत्तरांच्या ढिगापेक्षा मोलाचे असते.