तांब्यातला नऊचा आकडा

तांबे किती शुद्ध हवे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तारायंत्रामुळे उभा राहिला. त्याआधी धातू ठोकून, वाकवून पाहिला की काम भागे. थोडे आर्सेनिक असलेले तांबे तर वाफेच्या इंजिनाच्या अग्निपेटीसाठी पसंत केले जाई, कारण तापल्यावर ते लवकर मऊ पडत नसे. पण १८५७ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी समुद्री केबलसाठीच्या तारा मोजल्या. दिसायला सारख्याच तारांच्या वाहकतेत, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या क्षमतेत, त्यांना मोठी तफावत आढळली. तिचे मूळ तांब्यातल्या अशुद्धीत होते.

यावर उपाय निघाला विद्युत अपघटनाचा, म्हणजे द्रावणातून वीज सोडून तांबे शुद्ध करण्याचा. जेम्स एल्किंग्टन यांनी १८६५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. अशुद्ध तांब्याचा ॲनोड (धन पत्रा) आम्लात विरघळतो, कॅथोडवर (ऋण पत्र्यावर) शुद्ध तांबे चढते आणि सोने-चांदी तळाच्या गाळात उरते. हा गाळही विकला जातो, हे वेगळे सांगायला नको.

कॅथोड वितळवताना मात्र तांबे ऑक्सिजन शोषते. तो घालवायला भट्टीत ओल्या लाकडाचे ओंडके खुपसत. ओंडका कमी पडला तर धातू ठिसूळ, जास्त झाला तर सच्छिद्र. नेमक्या टप्प्याला 'टफ पिच' म्हणत. तेच नाव आजच्या ईटीपी (इलेक्ट्रोलिटिक टफ पिच) या प्रतीत टिकून आहे. किमान ९९.९० टक्के शुद्धतेची ही प्रत तारा, बसबार (वीज वाटणाऱ्या जाड पट्ट्या) आणि विजेच्या मोटारींच्या वायंडिंगला (तारेच्या वेटोळ्यांना) पुरते.

तिच्यात उरलेला ऑक्सिजन एरवी त्रास देत नाही. पण हायड्रोजन असलेल्या ज्योतीत तापवली की आत वाफ तयार होते आणि धातू त्याच्या स्फटिककणांच्या सीमांवर फाटतो. म्हणून झाळकामाच्या (ज्योतीने तापवून जोडायच्या) नळ्यांसाठी डीएचपी, म्हणजे फॉस्फरसने ऑक्सिजन काढलेली, प्रत निघाली. तिच्यात ०.०१५ ते ०.०४० टक्के फॉस्फरस मुद्दाम ठेवतात. एवढ्याशा फॉस्फरसाने वाहकता चांगलीच घसरते, तर तेवढीच चांदी असली तरी फारसा फरक पडत नाही. नुसता टक्का पाहून तांबे निवडणे फसवे आहे ते यामुळेच. वाहकताही हवी आणि ऑक्सिजनही नको, अशा निर्वात नळ्या व कणत्वरकांसाठी (अणूंपेक्षा लहान कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांसाठी) ओएफई, म्हणजे ऑक्सिजनमुक्त प्रत, वापरतात: ९९.९९ टक्के तांबे, ऑक्सिजन दशलक्षात फार तर ५ भाग.

१९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले तेव्हा त्या काळच्या तापवून मऊ केलेल्या चांगल्या तांब्याची वाहकता १०० टक्के धरली गेली. पुढे शुद्धीकरण सुधारले आणि ओएफईची वाहकता १०१ टक्क्यांवर गेली, म्हणून आकडा शंभराच्या वर दिसतो.

१९९७ मध्ये आयबीएमने चिपमधील जोडण्यांसाठी ॲल्युमिनियमऐवजी तांबे आणले. तिथे ९९.९९९९ टक्क्यांपर्यंतचे तांबे लागते, आणि तरी त्याच्याभोवती टँटलमसारख्या धातूचा पातळ थर द्यावा लागतो. कारण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले, तर तिथे अशुद्धी ठरते ते तांबेच.